पंप कोणता, याआधी आप्पांना विचारलं का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळून) : बेळगावच्या वडगाव भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४२, मराठी शाळेत शिक्षिका. वडील, म्हणजे आप्पा, ७० वर्षांचे. सगळा जन्म मागावर गेला, आधी हातमाग, मग यंत्रमाग. साखर बावीस वर्षांपासून. गेल्या दीड महिन्यात छाती आवळून आणि दम लागून दोनदा भरती करावं लागलं. अँजिओग्राफीत डाव्या मुख्य नळीत मोठा अडथळा निघाला, शिवाय एक नळी पूर्ण बंद आणि एक खराब. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते, २५ टक्के. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९. फुफ्फुसं कमकुवत असल्याने सर्जननी बायपासला नकार दिला. आता ‘हृदयाला आधार देऊन अँजिओप्लास्टी’ सुचवली आहे. बेळगावचे डॉक्टर बलून पंप लावू म्हणतात. पुण्यात भावाने रिपोर्ट दाखवले, तिथे इम्पेला नावाचा पंप सुचवला, पण त्याचा खर्च जागा विकावी लागेल एवढा. भाऊ जागा विकायला तयार आहे. आत्या म्हणतात, मशीनवर ठेवलेला माणूस परत येत नाही. त्यांचे यजमान तसेच गेले. आप्पांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, ‘गोळ्यांनी बरं वाटेल’ एवढंच सांगून ठेवलंय. जाता जाता ताईंनी लिहिलंय की आप्पांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात, पण ते वयामुळे असेल. शेवटी त्या विचारतात : “स्वस्तातलं मशीन घेतलं आणि काही बरंवाईट झालं तर ते मला जन्मभर खात राहील. कोणतं मशीन चांगलं, तेवढं सांगा.”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी माझं सांगते, म्हणजे माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. कॅथलॅब आणि हृदयाच्या आयसीयूत बावीस वर्षं सिस्टर होते. बलून पंपाशेजारी खुर्ची टाकून किती रात्री काढल्या त्याची मोजदाद नाही. त्यामुळे आप्पांसाठी अमुकच करा असं मी सांगणार नाही, तो अधिकार त्यांना तपासणाऱ्यांचा. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात जे प्रश्न दडलेत, त्यांच्याबद्दल मनापासून सांगते.

हे पंप मुळात लागतात कशाला? अँजिओप्लास्टीत नळीत फुगा फुगवला की तेवढे सेकंद तिच्यातून रक्त पुढे जात नाही. धडधाकट हृदय ते सोसतं. आप्पांची एक नळी आधीच बंद, दुसरी खराब, आणि जिच्यात काम करायचंय ती डावी मुख्य नळी म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारा मोठा पाटच. तो क्षणभर अडवला की प्रेशर उतरतं. प्रेशर उतरलं की बाकीच्या नळ्यांतूनही रक्त कमी जातं, आणि मग हृदय आणखी ढिलं पडतं. हे चक्र एकदा लागलं की आवरायला फार थोडा वेळ मिळतो. नळीत चुना साचलेला असेल तर तो फोडायला वेळ जास्त लागतो, म्हणजे धोका वाढतो. तेवढा वेळ निभावून न्यायला पंपाचा आधार. पंप आजार बरा करत नाही.

बलून पंपात मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा वर नेऊन छातीतल्या महाधमनीत ठेवतात. हृदयाचा ठोका पडून ते सैल झालं की हा फुगा फुगतो आणि रक्त हृदयाच्या नळ्यांकडे रेटतो. पुढच्या ठोक्याच्या ऐन आधी मिटतो, म्हणून हृदयाला रक्त बाहेर टाकायला जोर कमी लागतो. आत हीलियम वायू असतो, कारण तो हलका आणि झटकन आतबाहेर होतो. याने मिनिटाला साधारण अर्ध्या लिटरची भर पडते. इम्पेलाची गोष्ट वेगळी. बारीक नळीच्या टोकाशी फिरणारा छोटा पंप असतो, तो महाधमनीच्या झडपेतून थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात ठेवतात. तिथलं रक्त ओढून तो स्वतःच महाधमनीत सोडतो. त्यातला सीपी हा पंप मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त फिरवू शकतो, आणि निरोगी हृदय विश्रांतीत पाचेक लिटर फिरवतं, त्यावरून अंदाज घ्या. तिसरा एक्मो. त्यात रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत देतात. पण तो धमनीत उलट्या दिशेने रक्त लोटतो, त्यामुळे थकलेल्या हृदयावरचा भार वाढू शकतो. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत तो फार थोड्यांना लावतात.

आकड्यांवरून इम्पेला जिंकल्यासारखा वाटतो. भावालाही तसंच वाटलं असणार, आणि त्यात त्याची माया आहे हे मला दिसतंय. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्यापाशी मी थांबले. आप्पांच्या पोटऱ्या चालताना भरून येतात. बावीस वर्षांची साखर असलेल्या माणसाच्या पोटऱ्या चालताना भरून येत असतील आणि उभं राहिल्यावर मोकळ्या होत असतील, तर ते नुसतं वय नाही. पायाच्या धमन्याही अरुंद झाल्या असण्याची दाट शक्यता आहे. आणि हे सगळे पंप बहुतेक वेळा त्याच वाटेने आत जातात. बलून पंपाची नळी जेमतेम अडीच मिलीमीटर जाडीची. इम्पेला सीपीसाठी मांडीच्या धमनीत १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), म्हणजे पावणेपाच मिलीमीटरच्या आसपासची वाट करावी लागते. एक्मोची त्याहून मोठी. अरुंद धमनीत जाड नळी बसली की खालच्या पायाला रक्त मिळत नाही.

निपाणीकडच्या एका हमालाची गोष्ट सांगते. तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. प्रोसिजर छान झाली, पंप रात्रभर ठेवला. आम्ही पावलावर, जिथे नाडी लागते तिथे, पेनाने फुली मारून ठेवतो आणि तासातासाला बोट लावून बघतो. दोनच्या सुमाराला त्या फुलीवर मला नाडी लागेना. पाऊल गार, बोटांवर राखेसारखी कळा. दुसऱ्या पायाला हात लावला तर तो गरम. डॉक्टरांना उठवलं, पंप काढला, पाय वाचला. सकाळी त्याची बायको म्हणाली, “वखारीतनं रस्त्यावर येईस्तोवर दोन वेळा थांबायचे, पाय भरतात म्हणून.” ते आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे आम्ही विचारलंही नव्हतं. ती चूक आमच्या टीमची होती. ती अजून मला टोचते, म्हणून तुमच्या त्या वाक्यावर एवढी अडले.

तेव्हा मशीन ठरायच्या आधी आप्पांच्या पायाच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी झालेली असू द्या. रंग घालून केलेल्या सिटी अँजिओत धमन्या जास्त स्पष्ट दिसतात, पण १.९ क्रिएटिनिनला तो रंग किडन्यांवर पडतो, आणि अँजिओप्लास्टीतही रंग जाणारच आहे. म्हणून कोणती तपासणी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. मांडीची वाट बंद असेल तर खांद्याखालच्या धमनीतून पंप घालायची सोय काही ठिकाणी असते. इकोत आणखी दोन गोष्टी बघितल्यात का तेही विचारा. डाव्या कप्प्यात गुठळी असेल तर इम्पेला घालत नाहीत. महाधमनीची झडप फार गळत असेल तर बलून पंप उलट त्रास देतो. म्हणजे बघा, ‘चांगलं मशीन’ असं वेगळं काही नसतं. आप्पांच्या पायांना, झडपेला आणि किडनीला कोणतं झेपेल ते बघायचं.

आता पुराव्याचं. भावाने तुम्हाला एका मोठ्या अभ्यासाची बातमी पाठवली, ‘इम्पेलाने जीव वाचतात’ अशी. तो अभ्यास बहुधा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला डेन्मार्क-जर्मनीकडचा असावा, आणि तो खराही आहे. १८० दिवसांत पंप लावलेल्यांपैकी ४५.८ टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी ५८.५ टक्के. पण ते सगळे मोठा झटका येऊन शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदय थकून प्रेशर कोसळलेले रुग्ण होते, आणि पंपाच्या गटात रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटणं जास्त होतं. आप्पा शॉकमध्ये नाहीत. त्यांची अँजिओप्लास्टी ठरवून होणार आहे. अशा ठरवून केलेल्या, जोखमीच्या अँजिओप्लास्टीत इम्पेलाचं जुनं, लहान मॉडेल आणि बलून पंप समोरासमोर ठेवून ४५२ रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये आला. तीस दिवसांच्या हिशेबात दोन्हींत ठळक फरक निघाला नाही. नव्वद दिवसांना इम्पेलाकडे कल दिसला, पण तो पक्का म्हणावा असा नव्हता.

बलून पंपाबद्दलही तसंच. ब्रिटनमध्ये पंपिंग ३० टक्के किंवा कमी असलेल्या ३०१ रुग्णांपैकी निम्म्यांना आधीच पंप लावला, निम्म्यांना लावला नाही. २०१० मध्ये निकाल आला. हॉस्पिटलमधून घरी जाईपर्यंतच्या गुंतागुंतीत दोन्ही गट सारखेच. मात्र न लावलेल्यांपैकी साधारण १२ टक्क्यांना मध्येच घाईने पंप लावावा लागला. पुढे काही वर्षांनी बघितलं तर पंप लावलेल्या गटात मृत्यू कमी होते, पण अभ्यासाची मांडणी त्यासाठी नव्हती, म्हणून त्यावर फार विसंबता येत नाही.

यातून मला दिसतं ते असं. ‘स्वस्तातलं निवडलं म्हणून आप्पा गेले’ असं उद्या कुणी म्हणालं, अगदी तुमच्या मनाने म्हटलं, तरी त्याला शास्त्राचा आधार नाही. आणि एक तिसरा मार्गही आहे, जो पत्रात नाही. पंप टेबलाशेजारी तयार ठेवायचा, मांडीत बारीक वाट करून ठेवायची, आणि प्रेशर उतरायला लागलं तरच लावायचा. काही डॉक्टर हाच मार्ग धरतात. आप्पांच्या बाबतीत तो चालेल का, हे नक्की विचारा. मुख्य नळीचं काम आणि २५ टक्के पंपिंग म्हटल्यावर डॉक्टर कदाचित ‘आधीच लावलेला बरा’ म्हणतील. तेही रास्तच असेल.

आत्यांचं दुःख मी समजू शकते. त्यांना चुकीचं ठरवू नका. पण त्यांच्या यजमानांना मशीन लागलं तेव्हा ते आधीच शॉकमध्ये होते, असं तुम्हीच लिहिलंय. अशा ६०० रुग्णांवरचा बलून पंपाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात पंप लावला काय, न लावला काय, महिन्याभरातले मृत्यू चाळीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. म्हणजे यजमान गेले ते बहुधा आजाराने, पंपाने नव्हे. हे आत्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं, तेव्हाच. आणि ‘मशीनवर’ म्हटलं की आपल्याकडे व्हेंटिलेटरच डोळ्यांसमोर येतो. बलून पंपावरचा माणूस बऱ्याचदा जागा असतो, बोलतो, पाणी मागतो. पाय मात्र सरळ ठेवावा लागतो, गुडघा वाकवायचा नाही, आणि आप्पांना तेच सगळ्यात जड जाईल. सगळं नीट झालं तर पंप तिथेच किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत काढतात.

आता त्याहून मोठा प्रश्न. अँजिओप्लास्टी कशासाठी करायची? घरात सगळे ‘पंपिंग वाढेल’ म्हणताहेत, असं दिसतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधून आणखी एक अभ्यास आला, पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेल्या ७०० रुग्णांचा. गोळ्या नीट चालू असताना त्यात अँजिओप्लास्टीची भर घातली, तरी मृत्यू आणि हृदय थकून होणाऱ्या भरत्या कमी झाल्या नाहीत. सरासरी साडेतीन वर्षं बघितलं तरी नाही. पण ते रुग्ण बहुतेक स्थिर होते, छातीची कळ फार नसलेले. आप्पांना संडासापर्यंत जाताना छाती आवळते आणि दीड महिन्यात दोन भरत्या झाल्यात. त्यांच्यासाठी कळ कमी करणं हेच मोठं कारण असू शकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा : यातून आप्पांना काय मिळेल? कळ थांबेल, आयुष्य वाढेल, की दोन्हीची खात्री नाही? आणि पंपिंगसाठीच्या गोळ्या किडनी आणि प्रेशर सांभाळून जेवढ्या देता येतात तेवढ्या दिल्यात का? गोळ्या हा दुय्यम उपाय आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सोडा.

बायपासचंही एकदा दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, फुफ्फुसांची तपासणी हातात घेऊन. साखर आणि तिन्ही नळ्या खराब असलेल्यांना बायपास पुष्कळदा जास्त टिकतो, म्हणून नकार एकाच माणसाच्या तोंडून ऐकून थांबू नये. नकार कायम राहिला तर निदान ती शंका मनातून जाईल. पुण्याला जायचं की नाही, ते मात्र यंत्राकडे बघून ठरवू नका. असं काम नेहमी करणारे हात आणि रात्री पाय बघणारी सिस्टर जिथे आहे, तिथे जा. ती बेळगावात असेल तर सहा-सात तासांच्या प्रवासाने आप्पांना हलवण्यात अर्थ नाही. तुमचे जावई-भाचे, डबा आणणारी माणसं इथेच आहेत, तेही धरा.

पैशाचं स्पष्टच बोलते. २०१७ पासून स्टेंटच्या (नळी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या) किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे, पण ती स्टेंटपुरतीच, पंपाला नाही. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही खुली केली. तिच्यावरून दोन सरकारांत वाद झालाय, म्हणून कागद गोळा करण्याआधी ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा आणि ‘पॅकेजात पंप धरलाय का’ हे लेखी घ्या. प्रोसिजर योजनेत बसते आणि पंपाचं बिल वेगळं येतं, हे मी खूप घरांत पाहिलंय. जागा विकण्याचं म्हणाल, तर ती आप्पांनी मागावर कमावलेली आहे. ती विकायची का, हेही त्यांनाच विचारायचं आहे.

आणि इथेच मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचंय, ताई. पत्रात भाऊ काय म्हणतो, आत्या काय म्हणतात, दोन्हीकडचे डॉक्टर काय म्हणतात, सगळं आहे. आप्पा काय म्हणतात ते कुठेच नाही. फक्त एक ओळ आहे, पहिल्या भरतीनंतर ते म्हणाले ती : “काय करायचं ते करा, पण मला पडून ठेवू नकासा.” तुम्ही ती लाडाने लिहिली आहे. मला ती सूचना वाटते. हा माणूस सांगतोय की त्याला कशाची भीती आहे. मरणाची नाही, पडून राहण्याची. शॉक आला, मेंदूला इजा झाली, पंपावरून व्हेंटिलेटरवर जायची वेळ आली, तर कुठवर जायचं, हे ठरवायला हीच ओळ लागेल. आणि ती वेळ आली तर ठरवायला मिनिटं असतात. तेव्हा तुम्ही आणि भाऊ कॅथलॅबच्या दाराशी उभे राहून एकमेकांकडे बघत बसाल.

आप्पांना एकदम सगळं सांगावं लागत नाही. दुपारच्या चहाला, बाकी कुणी नसताना, एवढंच विचारा : “आप्पा, डॉक्टर जे म्हणतात ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मी ऐकू?” ते ‘तूच बघ’ म्हणाले तरी तो त्यांचा निर्णय झाला. बहुतेक म्हणणार नाहीत. सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या छातीत काय चाललंय ते बरंच कळलेलं असतं, ते फक्त तुम्ही रडू नये म्हणून गप्प असतात. बोलताना ‘मशीन’ म्हणू नका, ‘आधाराचा पंप’ म्हणा. मांडीतून जातो, पाय सरळ ठेवावा लागतो, हे सांगा.

संमतीपत्राचंही तेच. आपल्याकडे ते कन्नडात किंवा इंग्रजीत असतं, आप्पांना दोन्ही वाचता येत नाहीत, आणि सही घ्यायला माणूस येतो तेव्हा तो घाईत असतो. मराठीत समजावून सांगा म्हणायला संकोच करू नका. तो हक्क आहे, भाषेचं भांडण नव्हे. बेळगावच्या बहुतेक डॉक्टर-सिस्टरांना मराठी येतं, मागितलं की ते बसून सांगतात. रक्तस्राव, पाय, किडनी, पक्षाघात, या चार गोष्टी सांगितल्या गेल्या का ते बघा. नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती महिने चालतील आणि आप्पांना पूर्वी पोटात अल्सर होता का, हेही त्याच बैठकीत काढा.

गुरुवारी भेट आहे म्हणता. भावाला फोनवर घ्या, स्पीकर लावा, म्हणजे दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या जाणार नाहीत. पोटऱ्यांचं सगळ्यात आधी सांगा. आणि आप्पांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घ्या, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत. त्यांचा चष्मा न्यायला विसरू नका.